घरात एक आजारी पडला की मागे रांग का लागते, आणि ती तोडायची कशी

मागच्या जुलैची गोष्ट. पुतण्या सांगलीहून चार दिवस राहायला आला होता, वय वर्षं सहा, आणि दुसऱ्याच रात्री अडीचला गादीवरून उठून त्याने जी उलटी केली ती गादीच्या कडेपासून थेट टीव्हीच्या स्टँडपर्यंत. मी काय केलं, तर जुनं फडकं घेऊन पुसलं, बादलीत दोन बुचं फिनेल टाकून लादी परत पुसली, हात धुतले (म्हणजे नळाखाली धरले), आणि झोपले. घरभर फिनेलचा वास, मला वाटलं झालं काम. दीड दिवसाने मुलगी. तिच्यानंतर सहा तासांनी मी. रविवारी सकाळी नवरा, आणि तो अशा थाटात आडवा पडला की जणू पहिला पेशंट तोच. एकट्या सासूबाई ठणठणीत, वय बहात्तर, सगळ्यांना साखर-मीठ-पाणी ढवळून देत फिरतायत.

मी आठवडाभराने विचारलं, आई तुम्हाला कसं काही झालं नाही? तर म्हणाल्या, "मी तुमच्या त्या फ्रीजच्या फडक्याला हात लावत नाही गं, वास मारतो त्याला."

ते फडकं म्हणजे लाल चौकटीचा नॅपकिन, आमच्या फ्रीजच्या हँडलला कायम लटकलेला, कायम ओला. त्याला सगळे हात पुसणार, मी त्यानेच ओटा पुसणार, त्यानेच ताट कोरडं करणार, मुलगी जाता जाता तोंड पुसणार. सासूबाईंचा पंचा वेगळा, तांब्या-भांडं वेगळं, पाणी वरून पिणार, आणि कापलेल्या फळांच्या सामाईक डिशमध्ये त्या हात घालत नाहीत. आम्ही इतकी वर्षं त्याला त्यांचा चोखंदळपणा म्हणत होतो.

यात लाज वाटण्याची गोष्ट अशी की मी नऊ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, टेक्निशियन. लॅबमध्ये ग्लोव्हज न घालता कशाला बोट लावत नाही आणि घरी ही तऱ्हा. त्यानंतर मी घरासाठी जे एक-एक करून बसवलं ते इथे लिहितेय, आणि सगळं पाळायला कोणाकडे वेळ नसतो हे माहितीये, म्हणून कशाने खरंच फरक पडतो आणि कशाने फक्त मनाचं समाधान होतं हेही सांगते.

पायरी १: आधी रस्ता ओळखा, मग हात हलवा

"स्वच्छता ठेवा" या सल्ल्याचा काही उपयोग नाही, कारण प्रत्येक आजाराचा एका माणसातून दुसऱ्यात जायचा रस्ता ठरलेला असतो आणि तुम्ही भलताच रस्ता घासत बसलात तर कंबर दुखेल, आजार थांबणार नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडचे सोजीर घरात घुसून सामान बाहेर फेकत होते, जाळत होते, घरं धुवून काढत होते, लोकांची अब्रू गेली ती वेगळीच. आणि प्लेग पसरत होता उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून, जे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. माझं फिनेल त्याच जातीचं.

घरातल्या नेहमीच्या आजारांचे रस्ते मोजून चार. पहिला, शौच किंवा उलटीतून हातावर, हातावरून अन्नपाण्यात, तिथून तोंडात: जुलाब, उलट्या, टायफॉइड, ए आणि ई प्रकारची कावीळ. दुसरा, श्वासातून हवेत आणि हवेतून श्वासात: फ्लू, कोविड, गोवर, कांजिण्या, टीबी. तिसरा, स्पर्श आणि कपडा: डोळे येणं, खरूज, नायटा, उवा. चौथा डासांचा. काही आजार दोन रस्ते वापरतात, सर्दी हवेतूनही जाते आणि शेंबड्या हातानेही, लहान मुलांचा तो हात-पाय-तोंडाच्या फोडांचा आजार तर जवळपास सगळीकडून जातो. तरी घरात कोणी पडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे कुठून जाणार? उत्तर आलं की पुढच्या पायऱ्यांतली कुठली आज महत्त्वाची ते कळतं.

पायरी २: हात, पण खरोखर

मुलांना (आणि नवऱ्यांना) पटवायचा एक खेळ सांगते. तळहातावर चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवून क्रीमसारखी सगळीकडे चोळायला लावा, मग म्हणा, आता नेहमी धुता तसे धुवा. धुवून आले की ट्यूबलाइटखाली हात बघा. नखांच्या कडा पिवळ्या, अंगठ्याच्या बुडाशी पिवळं, बोटांच्या बेचक्यात पिवळं, आणि उजव्या हाताने जेवणाऱ्यांच्या उजव्या हाताच्या टोकांना सगळ्यात जास्त. माझ्या मुलीने हे बघून "ईईई" असा जो आवाज काढला त्यानंतर मला एकदाही ओरडावं लागलेलं नाही. (पांढऱ्या बेसिनला डाग पडतो, लगेच घासा.)

धुवायचं कसं: हात ओले करा, साबण लावा, नळ बंद करा, आणि किमान वीस सेकंद चोळा. तळवे, हाताची मागची बाजू, बेचके, दोन्ही अंगठे मुठीत धरून फिरवून, मग बोटांची टोकं दुसऱ्या तळहातावर घासून. पाणी गरम असायची गरज नाही, साबण महागाचा आणि जंतुनाशक असायची तर अजिबात नाही, साधी वडी चालते. साबण जंतूंना मारण्यापेक्षा कातडीवरून सुटे करून वाहून नेतो, म्हणून चोळणं आणि भरपूर पाण्याने धुणं हेच खरं काम. नंतर हात कोरडे करा, ओल्या हाताला सगळं जास्त चिकटतं, आणि इथेच तो लाल नॅपकिन घात करतो, धुतलेला हात पुन्हा त्यालाच.

कधी धुवायचे याची लांबलचक यादी कोणी पाळत नाही. मी चारच ठेवल्यात: संडासातून आल्यावर (बाळाची शी धुतल्यावरही), स्वयंपाकाला किंवा जेवायला बसण्याआधी, बाहेरून आल्या आल्या, आणि आजारी माणसाचं काही केल्यावर. आपल्याकडे बाहेरून आलं की मोरीत हातपाय धुवून मगच घरात यायची रीत होतीच, फ्लॅटमध्ये मोरी गेली आणि रीतही गेली.

सॅनिटायझरबद्दल. किमान साठ टक्के अल्कोहोलवाला असेल तर लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसात उत्तम. पण हात मळलेले किंवा तेलकट असतील तर तो चालत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा जोर कमी पडतो. म्हणजे फ्लूच्या घरात सॅनिटायझर ठीक, पण जुलाबांच्या घरात साबण-पाण्याला पर्याय नाही. मी त्या रात्री फिनेलच्या जागी नुसता साबण धड वापरला असता तरी रविवार वाचला असता बहुतेक.

पायरी ३: उलटी-जुलाब झालेत, आता पुढची पंधरा मिनिटं

हे नीट लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. उलटी जोरात पडते तेव्हा बारीक तुषार आपल्याला दिसतं त्याच्या बरंच पलीकडे जातात, म्हणून आधी बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडकी उघडा, आणि पंखा तेवढ्यापुरता बंद करा. मास्क असेल तर लावा, हातात ग्लोव्हज नसतील तर दुधाच्या किंवा किराणाच्या प्लॅस्टिक पिशव्या घाला, मी तेच करते.

जुने वर्तमानपत्र किंवा टिश्यू वर टाकून सगळं टिपून घ्या, बाहेरून आत गोळा करत, पसरवत नाही. ते पिशवीत, पिशवीला गाठ, थेट कचऱ्यात. मग साबणाच्या पाण्याने जागा पुसा. त्यानंतर ब्लीच, म्हणजे बाजारात कपड्यांसाठी बाटलीत मिळतं ते सोडियम हायपोक्लोराइट, लेबलवर साधारण चार ते पाच टक्के लिहिलेलं असतं. एक वाटी ब्लीचला नऊ वाट्या पाणी असं मिसळा, आपल्याला दिसलेल्या डागापेक्षा हातभर लांबपर्यंत लावा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. पाणी तेव्हाच्या तेव्हा बनवायचं, उरलेलं ओतून द्यायचं, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. संडासाचा फ्लश, नळाची चावी, कडी, लाइटचं बटण यांना मात्र इतकं कडक नको, लिटरभर पाण्यात वीस मिली पुरे. आजारपण चालू आहे तोवर दिवसातून दोनदा.

एक गोष्ट मात्र लाल अक्षरात समजा: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही, कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये त्याने माणसं थेट हॉस्पिटलात जातात. एक वापरलं असेल तर भरपूर पाणी मारून, दार उघडं ठेवून, दुसरं नंतर कधीतरी.

चादरी-कपडे झटकायचे नाहीत, मी झटकले होते. अलगद गुंडाळून बादलीत, बाकीच्यांच्या कपड्यांपासून वेगळे, जमेल तेवढ्या गरम पाण्यात आणि नंतर कडक उन्हात. पावसाळ्यात ऊन कुठलं, मग इस्त्री फिरवा. फ्लश असेल तर झाकण पाडून मग फ्लश. घरात दोन संडास असतील तर एक पेशंटला देऊन टाका, एकच असेल तर पेशंट गेल्यावर प्रत्येक वेळी नळ, पाण्याचा मग आणि फ्लशचं बटण पुसायचं, त्या मगच्या दांडीला कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त हात तिलाच लागतो.

पेशंटकडेही बघा हो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाकिटाला अर्धा लिटर असं अंदाजपंचे नको, आणि बनवलेलं चोवीस तासांत संपवायचं किंवा टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. घोट घोट, पण सतत. लहान मुलांना डॉक्टर झिंक देतात ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचं. शौचातून रक्त, लघवी बंद, मूल लोळागोळा झालंय, डोळे खोल गेलेत, पाणीसुद्धा टिकत नाही, यातलं एकही दिसलं की घरगुती काही करत बसू नका, उचला आणि न्या. आणि बऱ्याच उलट्या-जुलाब विषाणूचे असतात, तिथे मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

पायरी ४: पाणी आणि ओटा

आम्ही धायरीकडे राहतो त्यामुळे २०२५ चा जानेवारी विसरणं शक्य नाही. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकामागून एक सापडायला लागले, पुढे पुणे परिसरात आकडा दोनशेच्या वर गेला, आणि काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस मिळाले. जीबीएस स्वतः एकाचा दुसऱ्याला होत नाही, आधी पोटाचं किंवा दुसरं इन्फेक्शन होतं, आणि क्वचित एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, पाय लुळे पडतात. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याबद्दल कोणी हसत नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय अजूनही जुनाच: पाणी उकळणं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. गढूळ असेल तर आधी स्वच्छ सुती कपड्यातून गाळा. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण नितळ म्हणजे जंतू मेले असं नाही, हा गैरसमज गावाकडे फार आहे. मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच प्रमाण, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, लगेच ग्लास भरायचा नाही. आरओ-यूव्ही मशीन असेल तर त्याचे फिल्टर वेळेवर बदलले जातात का ते बघा, आमचं दोन वर्षं कोणी उघडलं नव्हतं, आतला कँडल चॉकलेटी झाला होता.

पण उकळलेलं पाणी नंतर घाण होतं ते कशाने? ग्लासाने. माठात किंवा पिंपात ग्लास बुडवला की बोटं पाण्यात जातात, बस. म्हणून माठाला तोटी लावा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते आत न टाकता बाजूला खिळ्याला अडकवा. झाकण हवंच. हे सगळं आपल्या आज्यांना माहीत होतं, त्यांनी कॅम्पायलोबॅक्टरचं नाव ऐकलं नव्हतं एवढंच.

सोसायटीची टाकी सहा महिन्यांनी धुतली जाते का ते सेक्रेटरीला विचारा, आणि टँकर येत असेल तर टाकीत क्लोरीन पडतं का तेही. आमच्याकडे मी हे मीटिंगमध्ये विचारलं तर आधी पार्किंगच्या विषयावर पाऊण तास गेला. चिकाटी ठेवा.

ओट्यावर. चिकन आणलं की आपण सगळे ते नळाखाली धरून खळाखळा धुतो, आणि कॅम्पायलोबॅक्टर बऱ्याचदा असतो तो कच्च्या चिकनवरच. नळाच्या धारेने त्याचे शिंतोडे सिंकभर, बाजूच्या कोथिंबिरीवर, वाळत घातलेल्या ताटांवर. न धुता शिजवलं तरी चालतं, शिजवण्याने तो मरतो, पण हे सासूबाईंना सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून तडजोड: पातेल्यात पाणी घेऊन आत हलक्या हाताने धुवायचं, धार नाही, बाजूला काही उघडं नाही, पाणी सावकाश ओतायचं, आणि मग सिंक, नळाची चावी आणि हात तिन्ही साबणाने. चिकनची सुरी आणि पाट वेगळे. आधी कोशिंबीर चिरून घ्या, मग चिकनला हात लावा, उलटं नको.

आणि फडकी. आता आमच्याकडे आठ आहेत, जुन्या कॉटनच्या साडीची फाडलेली. हात पुसायचं वेगळं, ओट्याचं वेगळं, भांडी तशीच निथळतात, त्यांना पुसत नाही. रोज रात्री दोन्ही धुवायला, सकाळी कोरडी घ्यायची. भांडी घासायचा स्पंज रोज पिळून उभा ठेवायचा, वास यायला लागला की फेकायचा. रोजचं तीन मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर या लेखातलं सगळ्यात फायद्याचं हेच.

बाहेरचं खाणं बंद करा असं मी म्हणणार नाही कारण मीच करत नाही. पावसाळ्यात एवढंच बघते की गरम, डोळ्यासमोर तळलेलं-उकळलेलं चालेल. पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड, कच्ची चटणी हे नाही. भजी, वडा, चहा खुशाल.

पायरी ५: हवेतून जाणारे आजार

इथे लादी पुसून काहीही होत नाही. ताप-खोकल्याचा माणूस ज्या खोलीत आहे त्या खोलीतली हवा बदलत राहणं हेच मुख्य काम. बेडरूमचं दार बंद, खिडकी उघडी, आणि हवा घरातून खोलीत आणि खोलीतून बाहेर अशी वाहायला हवी. ती कुठे वाहतेय ते बघायला उदबत्ती लावा. पेशंटच्या खोलीच्या दारात, फटीजवळ धरा. धूर खोलीत ओढला जाऊन खिडकीतून बाहेर जात असेल तर छान, पण धूर हॉलकडे येत असेल तर खोकलाही हॉलकडेच येतोय. मग खिडकीत बाहेर तोंड करून टेबलफॅन ठेवा किंवा जोडलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि परत उदबत्ती. मी हे केलं तेव्हा कळलं की आमच्या बेडरूममधली सगळी हवा वाऱ्याच्या जोराने थेट सासूबाईंच्या दिवाणावर जात होती.

एसी बंद. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवून गार करतो.

एका खोलीचं घर असेल तर पेशंटला खिडकीशी झोपवा, बाकीच्यांची डोकी लांब आणि उलट्या दिशेला. सेवा एकाच माणसाने करायची, शक्यतो तरुण आणि धडधाकट, घरातल्या गरोदर बाईने किंवा म्हाताऱ्या माणसाने नाही. खोलीत जाताना दोघांनीही मास्क, जाणाऱ्याचा एन-९५ असेल तर उत्तम, आणि तो नाकावर हवा, हनुवटीवर नव्हे, हे कोविड होऊन गेल्यावरही सांगावं लागतं. खोकताना कोपरात खोका. आणि पुरुषमंडळींनो, तो खिशातला हातरुमाल: त्याच्यात शिंकता, त्यानेच घाम पुसता, त्यानेच बसमधली सीट झटकता, आणि सोमवारचा तोच गुरुवारीही असतो. रोज नवा घ्या.

वाफ, काढा, गळ्यात कापराची पुडी, यातल्या पहिल्या दोनने घशाला बरं वाटतं, जरूर घ्या (मुलांना वाफेच्या पातेल्याजवळ एकटं सोडू नका, भाजतं), पण यातल्या कशानेही आजार दुसऱ्याला जायचा थांबत नाही.

टीबीबद्दल मुद्दाम. टीबी ताटवाटीतून, कपड्यांतून, हात मिळवून पसरत नाही, फक्त हवेतून पसरतो. तरी अजून घरोघरी सुनेचं ताट वेगळं करतात आणि खिडकी मात्र बंद ठेवतात. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत माणसाकडून लागण व्हायचं प्रमाण खूप कमी होतं, मात्र औषधं सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितकी पूर्ण घ्यायची. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला दिसला की थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

गोवर यातला सगळ्यात भयंकर पसरणारा, पेशंट खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, त्याला मास्क-खिडकी पुरत नाही, लसच लागते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे जी साथ आली त्यात मुलं दगावली. नऊ महिन्यांनी एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस, सरकारी केंद्रात मोफत. आत्ता उठून मुलाचं कार्ड काढून बघा, मी थांबते.

पायरी ६: डोळे, कातडी, केस

डोळे आलेल्या माणसाकडे बघितल्याने डोळे येत नाहीत. काळा गॉगल त्याच्या सोयीसाठी आहे, तुमच्या बचावासाठी नाही. तो डोळा चोळतो, तोच हात रिमोटला, मोबाइलला, दाराला, तिथून तुमच्या बोटाला आणि तुम्ही नकळत डोळा खाजवता. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ आली तेव्हा आमच्याकडे नियम एकच होता, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि ड्रॉप्सची बाटली ज्याची त्याची. ड्रॉप्स एकमेकांचे वापरायचे नाहीत, आणि मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडवाले तर डॉक्टरला न विचारता अजिबात नाहीत.

नायटा-गजकर्णाचंही तेच. खाज पटकन थांबवणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावून लोक तो वाढवून ठेवतात, वरून लालसरपणा जातो आणि आत बुरशी मजेत पसरते. कातडीच्या डॉक्टरकडे जा, आतले कपडे रोज बदला आणि पूर्ण वाळलेलेच घाला.

खरूज झाली तर लाज बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, ज्याला खाज नाही त्यानेही. खाज यायला कित्येक आठवडे लागतात, तोवर तो माणूस बरं झालेल्याला परत देतो, आणि मग "औषध चालतच नाही" म्हणून डॉक्टर बदलला जातो.

पायरी ७: डास

थोडक्यात, कारण हे सगळ्यांनी ऐकलंय आणि कोणी करत नाही. डेंग्यूचा डास घरातल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: पिंपं, कुलर, कुंड्यांच्या बशा, फ्रीजच्या मागचा ट्रे, सगळं रिकामं. नुसतं ओतून उपयोग नाही, अंडी कडांना चिकटलेली असतात, काथ्याने घासायचं. ओतता न येणाऱ्या टाकीत गप्पी मासे. आणि लोक विसरतात ते हे की घरात डेंग्यूचा पेशंट असेल तर तापाच्या दिवसांत त्याला मच्छरदाणीत ठेवायचं, दिवसासुद्धा, कारण त्याला चावलेलाच डास पुढे आजार तुमच्यापर्यंत आणतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही.

मुंबई-ठाण्याकडच्यांसाठी: गुडघाभर पाण्यातून चालत आलात आणि पायाला जखम असेल तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि लगेच, तीन दिवसांच्या आत डॉक्टरला भेटा. लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ते ठरवतील, तुम्ही घरच्या घरी नको.

पायरी ८: शाळेत, ऑफिसात परत कधी

उलट्या-जुलाब थांबल्यावर पूर्ण अठ्ठेचाळीस तास, आणि तेवढे दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाकही नाही. फ्लूसारखा ताप असेल तर औषध न घेता चोवीस तास ताप नाही तेव्हा. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, साधारण पाच-सात दिवस. मुलाचं अंग बरं दिसतं, ते घरात उड्या मारतं, तरी थांबवा.

पण शाळाच हे अवघड करतात. आमच्या मुलीच्या शाळेत वर्षाच्या शेवटी शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट देतात, स्टेजवर बोलावून, टाळ्यांसह. जुलैतल्या त्या उलट्यांमुळे आमची चार दिवस घरी राहिली, त्यामुळे तिचं गेलं, आणि ती माझ्यावर अजून फुगून आहे. सर्टिफिकेट मिळालं तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला, जिला जानेवारीत तिच्या आईने सकाळी सातला पॅरासिटामॉल पाजून पाठवलं होतं. त्या आठवड्यात त्या वर्गातली अकरा मुलं तापाने घरी होती.